कुशाबाईंच्या घरची बिअर

बारामती, ता. ८ मार्च १९५७

आत्याबाईंना लीलाचा नमस्कार. पाया पडते असं लिहिणार होते, पण तुम्ही पाय मागे घ्याल, म्हणून लांबूनच करते.

पत्र सिंधूवन्सं वाचून दाखवतील. वन्सं, तुम्हाला हात जोडून सांगते, लिहिलंय ते सगळं वाचा. मागच्या खेपेला माझ्या पत्रातलं तिखट गाळून तुम्ही आईला गोड तेवढं ऐकवलंत, आणि बोलणी मी खाल्ली.

आत्याबाई, तुम्ही बोचकं घेऊन इंदापूरच्या एसटीत बसलात त्याला आज पाच दिवस झाले. जाताना दारात उभ्या राहून जे बोललात ते सगळ्या आळीने ऐकलं. "भट्ट्या फोडनारी म्हनून मला तालुका वळखतो, आन् माज्याच घरात सुनंनं बिअर काढली. ती घागर भाईर जाईस्तवर ह्या घरचं पानी मला वर्ज्य." असे तुमचे शब्द. मी एकही विसरलेले नाही.

तुमचा राग मला कळतो. पन्नास साली दारूबंदी आली तेव्हा ओढ्याकाठच्या पंधरा हातभट्ट्या तुम्ही बायका गोळा करून फोडल्यात. मामलेदारांनी चावडीपुढे लुगडं देऊन तुमचा मान केला. फडकं बांधलेल्या मडक्यात काय आहे ते तुम्ही चार हातांवरून नाकाने सांगता. अशा बाईच्या सोडावॉटरच्या दुकानात बाटलीला चिठ्ठी डकवलेली, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं, 'आल्याची बिअर'. रामहरी हवालदाराने ती भर गिऱ्हाइकांत मोठ्याने वाचली आणि वर तुम्हाला विचारलं, "कुशाबाई, लोकांच्या भट्ट्या फोडून आता घरचीच काढली व्हय?" मी तुमच्या जागी असते तर मीही बोचकं बांधलं असतं.

पण ऐका. तो शब्द हा माझा मूर्खपणा आहे, आणि तेवढाच माझा गुन्हा आहे.

सणसरला माझ्या माहेराजवळ कारखान्याची यंत्रं बसवायला जे फिटर लोक आले होते, त्यातल्या एकाची बायको गोव्याची, फर्नांडिसबाई. त्यांनी मला हे पेय शिकवलं. त्याला त्या जिंजर बिअर म्हणत. जिंजर म्हणजे आलं, हे त्यांनी सांगितलं. बिअर म्हणजे काय ते मी विचारलं नाही, कारण सातवी पास झालेल्या बाईने एवढं विचारायचं म्हणजे लाज वाटली. मी आपली समजले की फेसाच्या सरबताला इंग्रजीत बिअर म्हणतात. आपल्याकडे हातभट्टी माहीत, ताडी माहीत. बिअर कोणी बघितली होती? पलटणीत जाऊन आलेल्या रामहरीने. म्हणून चांगल्या वळणदार अक्षरात तेवीस चिठ्ठ्या लिहिल्या, खळ लावून डकवल्या आणि दुकानात मांडल्या. तुम्ही एसटीत बसल्यावर सगळ्या खरवडून काढल्या. खळ चांगली झाली होती, निघता निघत नव्हत्या.

आता जरा माझीही बाजू. मामंजींनी आणलेलं सोड्याचं मशीन दिवाळीपासून बंद पडलंय. गोळीच्या बाटल्या खोक्यांत धूळ खात होत्या आणि तुमचे चिरंजीव रोज सकाळी त्या मशीनसमोर बसून त्याच्याकडे बघत होते. ते कोणाला उलटून बोलत नाहीत, तर मशीनला काय बोलणार. तेव्हा मला फर्नांडिसबाईंची बरणी आठवली. मशीन नाही, गॅसची नळी नाही, आणि तरी फेस. मी म्हटलं, करून बघू.

पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. दुसऱ्या खेपेला लोणच्याची बरणी वापरली, तर हिंगाचा वास आणि आंबटढाण. तिसऱ्या खेपेला बाटल्या कालव्याच्या पाण्याने विसळल्या आणि आतल्या पेयाला तार सुटली, नाकातल्या शेंबडासारखी. वन्सं, हेही वाचा. चौथ्या वेळी मला कळलं की पहिली खेप का मेली होती. आल्याचं विरजण मी उकळत्या पाण्यात घातलं होतं. विरजण गरमात घालू नये, दूध बोटाला सोसवेल तेव्हाच घालावं, हे लग्नानंतर पहिल्या महिन्यात मला कोणी शिकवलं? तुम्हीच. म्हणजे ह्या कामात तुमचाही हात आहे, तुम्ही कितीही नाही म्हणा.

आता मला येतं. अगदी छान येतं. किसलेलं आलं, गूळ आणि उकळून गार केलेलं पाणी चिनीमातीच्या बरणीत घालते. रोज चमचाभर आलं, चमचाभर गूळ. पाचव्या दिवशी बरणी कुजबुजायला लागते. मग घागरभर पाण्यात गूळ-आलं उकळून, गाळून, कोमट झालं की लिंबू पिळून त्यात ते विरजण. एक दिवस घागरीत, वर फडकं. दुसऱ्या दिवशी गोळीच्या बाटल्यांत भरायचं आणि बाटल्या वाळूत उलट्या खोचायच्या. उलट्या का, ते तुमच्या चिरंजिवांनाही सुचलं नव्हतं. बाटली उलटी केली की गोळी आपल्या वजनाने तोंडाशी येऊन बसते. आत फेस तयार झाला की तोच तिला धरून ठेवतो. मग सुलटी केली तरी गोळी जागची हलत नाही. हे मला फर्नांडिसबाईंनी सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे बुचाच्या बाटल्या होत्या. हे माझं डोकं.

घागरीत दारू नाही. तुम्ही घरी या. बाकीचं समोरासमोर बोलू.

तुमची सून,
लीला


बारामती, ता. २० मार्च १९५७

आत्याबाई,

वन्संचं कार्ड मिळालं. "आई म्हणते, घागर बाहेर गेली का?" एवढंच. घागर घरातच आहे. खोटं कशाला लिहू.

एक गोष्ट तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच कळवते. मागच्या पत्राच्या वेळी ही गोष्ट झाली नव्हती. शिमग्याच्या आदल्या दिवशी पोलीस दुकानात येऊन गेले. शिमग्याला सगळीकडे दारूची तपासणी असतेच, आणि आपल्याबद्दल कोणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. शिपाई ओळखीचा होता, तरी डोळ्याला डोळा देत नव्हता. म्हणाला, "वहिनी, बिअर हितं मिळते आशी खबर हाय. आमाला काय, वरनं हुकूम."

तुमचे चिरंजीव उभे राहिले ते उभेच राहिले. मी म्हटलं, "घ्या ना, पिऊन बघा."

"पिऊन कसं चालंल? सरकारी काम हाय. बाटल्या पुन्याला जातील, तितं तपासत्यात."

सहा बाटल्या नेल्या. तोंडाला फडकं बांधून लाख लावली. आदल्याच दिवशी भरलेल्या, वाळूतून नुकत्या काढलेल्या. मला काळजी नव्हती. उलट थोडं बरंच वाटलं, की पुण्याचे शिकलेले लोक माझ्या हातचं तपासणार. गोजरबाई शेजारून म्हणाली, "लीले, हसतीस काय, घरावर पोलीस आलाय." मी हसत होते हे मला कळलंही नव्हतं.

मग शिपायाने कागद काढला आणि विचारलं, "परवाना कुनाच्या नावावर?"

आत्याबाई, मामंजी गेल्यावर परवाना तुमच्या नावावर झाला, हे मी विसरूनच गेले होते. त्याने लिहून घेतलं, 'कुशाबाई, सोडावॉटर'. पुण्याहून कागद उलटा आला तर बोलावणं माझ्या नावाने येणार नाही. तुमच्या नावाने येईल, तेही इंदापूरला, तुमच्या जावयाच्या दारात.

वन्सं, इथं थांबू नका. पुढचं वाचा.

मी कचेरीत जाऊन आले. म्हटलं, करते मी, माझं नाव घाला. फौजदार भला माणूस, त्याने बसायला स्टूल दिलं. पण म्हणाला, "बाई, परवाना ज्याचा, जाब त्याचा." 

आळीतल्या बायका म्हणतात, घागर ओतून दे, म्हातारीला आण आणि विषय संपव. तेवढं केलं तर तुम्ही याल, मला माहीत आहे. पण ओतून दिली तर लोक म्हणतील, होती म्हणूनच ओतली. मग तुमच्या नावाला जे लागलंय ते कायमचं लागेल. मी तुमचं नाव धुऊन काढल्याशिवाय घागर हलवणार नाही. तुम्ही हट्टी आहात, पण तेरा वर्षं तुमच्या हाताखाली राहून मीही काही शिकलेच ना.

लीला


बारामती, ता. २८ मार्च १९५७

आत्याबाई,

हे पत्र तुमचे चिरंजीव स्वतः घेऊन येतील. त्यांच्याजवळ पोत्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या आहेत. त्या का पाठवल्या ते सांगण्याआधी एक कबुली द्यायची आहे. पहिल्या पत्रात मी ती दिली नाही, दुसऱ्यातही दिली नाही. घरात कोणालाच माहीत नाही. तुमच्या चिरंजिवांनी आज मला पत्र लिहिताना बघितलं आणि न विचारता बाहेर जाऊन बसले.

माघात माझ्या भावाचं लग्न होतं, तेव्हा मी सणसरला अकरा दिवस राहिले. निघायच्या गडबडीत भरलेली घागर तशीच कोपऱ्यात राहिली. परत आले तर फेस बसलेला, वर पाणी कसं नितळ. मी पेलाभर घेतलं. गुळाची गोडी कुठल्या कुठे गेलेली, जिभेला चरचर, आणि घशाखाली उतरल्यावर पोटात ऊब. वाटलं, आलं जास्त झालं असेल.

तेवढ्यात तात्याबा आले. शेजारधर्म म्हणून त्यांना दिलं. ते म्हणाले, "पोरी, आसलं आलं म्या जन्मात पेलो न्हाय, आनिक घाल." त्यांनी दोन पेले घेतले आणि लिंबाखाली दिवस मावळेपर्यंत झोपले. उठल्यावर गोठ्यातल्या म्हशीला रामराम केला. सगळे म्हणाले, ऊन लागलं. आत्याबाई, तुम्हीच त्यांच्या डोक्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्यात. त्या आठवड्यात तुम्हाला पडसं होतं, नाक चोंदलेलं होतं, नाहीतर तिथंच सगळं उघडं पडलं असतं.

मला मात्र कळलं. माझं स्वतःचं डोकं हलकं झालं होतं आणि मी चुलीपुढे बसून उगाच हसत होते. ती घागर मी केळीच्या बुडाशी ओतली. तुम्हाला सांगायला जीभ उचलेना. आणि खरं सांगू का? आधी भीती नाही वाटली. आधी अभिमान वाटला. लोक ओढ्याकाठी चोरून, जाळ घालून, नवसागर टाकून जे करतात, ते माझ्या घागरीत नुसतं बसल्या जागी झालं होतं. भीती मागाहून आली. दोन दिवसांत संपवा असं फर्नांडिसबाई का म्हणायच्या, ते त्या दिवशी समजलं. मला वाटायचं, फेस जातो म्हणून. तेव्हापासून माझ्या हातची बाटली तिसऱ्या दिवसाचं ऊन बघत नाही. उरली तर म्हशीच्या घमेल्यात जाते. हा नियम मी कोणी न सांगता केला आणि एकदाही मोडला नाही.

आता मुद्द्याचं. काल मी पुन्हा कचेरीत गेले. विचारलं, बाटल्या पुण्याला कधी गेल्या. शिपाई म्हणाला, "जातील की म्हैन्याभरात. त्या बगा, कपाटात हायत्या." कपाट पत्र्याचं, पश्चिमेच्या भिंतीला. हात लावला तर चटका बसला. आत माझ्या सहाही बाटल्या सरकारी शिक्क्याखाली बसलेल्या.

तुमच्या लक्षात आलं का? मी दिल्या तेव्हा ते आल्याचं पाणी होतं. आज त्यात काय आहे, ते तात्याबांना विचारा. पुण्याच्या साहेबाला बाटलीत काय आहे ते कळेल, ती किती दिवस कपाटात होती ते कसं कळणार? मी फौजदाराला सांगायला गेले, तर तो कौतुकाने ऐकून म्हणाला, बंद बाटलीत दारू कशी होईल, बाई? भट्टी लागते, जाळ लागतो. आणि माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार, माझ्यावरच तर संशय. ह्या तालुक्यात दारूबद्दल ज्याचा शब्द खाली पडत नाही असं एकच माणूस आहे, आणि ते रुसून इंदापूरला बसलंय.

म्हणून ह्या दोन बाटल्या. एकीला पांढरा दोरा, एकीला तांबडा. दोन्ही एकाच कृतीच्या, एकाच हातच्या. एक काल भरलेली, आणि एक शिपायाने बाटल्या नेल्या त्या घागरीची, पुण्याच्या कागदाशी ताडून बघायला मुद्दाम मागे ठेवलेली. तेवढ्या एका बाटलीपुरता नियम मोडला, ते मोजू नका. कुठली कोणती ते लिहीत नाही. तुमच्या चिरंजिवांना माहीत आहे, आणि ते सांगणार नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही वास घ्या आणि ठरवा.

दोन्ही दारू आहेत असं म्हणालात, तर पाडव्याच्या आत घागर मी स्वतः चौकात नेऊन फोडीन आणि सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेन. त्यात मला कमीपणा वाटणार नाही. माझ्या हातच्या वस्तूबद्दल मला पुण्याच्या कागदापेक्षा तुमचा शब्द मोठा आहे. पण वास न घेताच नाही म्हणू नका. तेवढा मान मी कमावलाय.

लीला


इंदापूर, ता. ३० मार्च १९५७

(वहिनी, आई सांगते आहे तसंच लिहिते. एक अक्षर गाळत नाही, मला दमच दिलाय. — सिंधू)

लीले,

तुजी तिनी पत्रं ऐकली. तिसरं दोनदा वाचून घ्येतलं.

कुंडलिक काल दुपारी आला. पोतं पोटाशी धरून सबंद वाट बसला व्हता. यष्टीत कुनाशी बोलला न्हाय म्हनला. त्यो यरवी तरी कुनाशी बोलतो? बाटल्या म्होरं ठिवल्या आन् भितीकडं त्वांड करून बसला, मला त्याच्या डोळ्यांवरनं कळू नये म्हनून.

पांढऱ्या दोऱ्याची आदी घ्येतली. गोळी दाबली, फेस हातावर आला. वास घ्येतला. आलं, गूळ, लिंबू. दुसरं काय न्हाय. दारूचा वास नाकात शिरला की मला मागं मान हिसकावी लागती, तशी हिसकावी लागली न्हाय. मग पेले. सिंधीला दिली, जावयाला दिली. जावई म्हनला, दुकानात हाय का आनिक. ही दारू न्हाय. मी म्हनते म्हंजी न्हाय.

तांबड्या दोऱ्याची गोळी दाबली तवा फट करून आढ्याला फेस गेला. वासासाटी नाकाशी न्यायची गरजच पडली न्हाय. ती कवाची ते कुंडलिकाला इचारलंबी न्हाय.

आता तू म्हनतीस त्ये खरं. तुज्या घागरीतनं पानी गेलं, आन् दारू झाली ती कचेरीत. मी फौजदाराला हेच सांगनार हाय, की दारू माज्या सुनंनं केली न्हाय, तुमच्या कपाटानं केली. पटलं न्हाय तर एक ताजी बाटली घ्या, तितंच ठिवा, आन् आठ दिसांनी माज्यासमोर उघडा. परवाना माज्या नावाचा हाय ना, मग जाब बी मीच देते. त्यो मला वळखतो. ओढ्याकाठी माज्या मागं चालत आला व्हता त्यो, तवा नुसता जमादार व्हता.

तुला बोलायचं ऱ्हायलंय त्ये समोर बोलन. तात्याबाला दारू पाजून मला त्याच्या डोस्क्यावर घड्या ठिवाय लावल्यास, त्ये मी मरंस्तवर इसरनार न्हाय.

आनिक एक सांगते. सिंधी लिव्हायला कां कूं करती हाय, पर लिव्ह गं. तांबड्या दोऱ्याची मी नुसती हुंगली न्हाय. पंधरा भट्ट्या फोडल्या, पर आतलं कंदी जिभंला लावलं नव्हतं. मानसं घरदार इकून ह्ये का पित्यात, त्ये मला कळायचं न्हाय, नुसता राग यायचा. तवा म्हनलं, बगावं. एक घोट घ्येतला.

लीले, लई चांगली झाली व्हती. दुसरा घोट घ्यावा वाटला. हात म्होरं ग्येला बी. तवा मी उठले आन् बाटली परड्यात नेऊन दगडावर फोडली. चव वंगाळ आसती तर फोडली नसती.

तू चोरून केली न्हाईस, चुकून केलीस, आन् चुकून आशी केलीस. आसला हात ज्या घरात हाय त्या घरात मी पायजे. उद्याच्या सकाळच्या यष्टीनं येते. मी आल्याबिगर नवं विरजन लावू नगं.

कुशाबाई